बंधाऱ्यात कटला मेला, मरळ जित्ती. असं कसं?

गोदाकाठचा_भोई (परभणी)
रामराम मंडळी. आमची सोसायटी गोदावरीच्या बंधाऱ्यात कटला-रोहू सोडती. गळीत सुरू झालं की वरून काळं-तांबडं पाणी येतं, मळीचा आंबूस वास. परवा पहाटं कटले तोंड वर काढून हवा गिळायलते. दिवस उगवंस्तोवर काठाला खच. मोठे आधी गेले, बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) नंतरही फिरायलती. मरळ अन् मांगूर ठणठणीत! कारखान्याचा माणूस म्हणतो, विष असतं तर मरळबी मेली असती, तुमचं बीजच कमजोर. साहेब लोक दुपारी येऊन नमुना घेऊन गेले, म्हणले ऑक्सिजन बरा आहे. आता काय बोलावं?

पाणीवाली_ताई
दादा, विष नसेलही, पण मासे गुदमरूनच मेलेत. मरळ-मांगूर वरची हवा घेऊन जगतात, कटल्याला ती सोय नाही. त्याला लिटरमागं 5 मिलिग्रॅम तरी विरघळलेला ऑक्सिजन हवा. डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशचा (मळीपासून दारू गाळल्यावर उरणाऱ्या पाण्याचा) बीओडी, म्हणजे घाण कुजायला लागणारा ऑक्सिजन, लिटरमागं 40-50 हजार मिलिग्रॅमच्या घरात असतो, नदीत सोडायच्या सांडपाण्याची मर्यादा 30! त्यातली घाण कुजवताना जिवाणू सगळा ऑक्सिजन फस्त करतात. मोठे आधी मेले, हीही त्याचीच खूण. बीज कमजोर असतं तर बोटुकली आधी गेली असती.
दुपारच्या नमुन्याचं म्हणाल, तर उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच ओढून घेतं. नमुना पहाटेच घ्यायला लावा. काचेच्या बुचाची बाटली, आत बुडबुडा नको, मँगनीज सल्फेट अन् अल्कली आयोडाइड काठावरच घालायचं, म्हणजे ऑक्सिजन आहे तसा बांधला जातो. कॅनमध्ये भरून नेलेल्या पाण्याचा आकडा धरू नका.

नांदेडचा_मामा
कल्ले उघडून बघितले का? आमच्याकडं फिक्कट पडून वर शेंबडासारखा चिकटा होता. प्लेटिंगवाल्यांच्या (धातूला मुलामा देणाऱ्या कारखान्यांच्या) पाण्याची तऱ्हा वेगळी: मासा लगेच मरत नाही, क्रोमियम यकृतात अन् मूत्रपिंडात साठवत राहतो. ते कुणाच्या ध्यानातच येत नाही.

गोदाकाठचा_भोई
कल्ले तसेच होते मामा. एक व्यापारी बर्फ घेऊन यायलाय, मेलेला माल द्यावा का?

पाणीवाली_ताई
अजिबात नको. ताजे मेलेले चार-दोन बर्फात ठेवा, गोठवू नका, तपासणीला लागतील. बाकीचे पंचनामा झाल्यावर पुरा. पंचनाम्यात मरळ जिवंत होती हे लिहून घ्या, अन् वेळ पहाटेचीच टाका.