पत्र्यावरचा चुना पावसात टिकत नाही, मदत हवी आहे

लालबागला आमची जुनी चाळ आहे. वरच्या मजल्यावरच्या ११ खोल्यांवर सिमेंटचे पत्रे आहेत. मे महिन्यात दुपारी पंखा नुसती गरम हवा फेकतो. शेजारच्या आजी ओलं फडकं डोक्यावर घेऊन जिन्यात येऊन बसतात. हे बघवत नाही.

अहमदाबादेत छपरं पांढरी करतात हे वाचून गेल्या मार्चमध्ये वर्गणी काढली आणि चुन्यात फेविकॉल घालून दोन हात मारले. खोल्यांमध्ये फरक लगेच जाणवला. पण जुलैपर्यंत सगळा चुना पन्हळीतून वाहून गेला, उरलेल्यावर शेवाळ धरलं.

पत्रे बदलणं शक्य नाही, पुनर्विकासाचं घोडं अडलंय. पत्रे जुने, त्यात ॲस्बेस्टॉस (ज्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते ते तंतू) असणारच, म्हणून कोरडे घासणार नाही. वजन पेलत नाही, त्यामुळे बांबूची परांची बांधून कडेनेच काम करावं लागतं. बजेट २५ हजार, छप्पर साधारण १,५०० चौरस फूट.

मुंबईच्या पावसात अशा पत्र्यांवर निदान तीन वर्षं टिकलेला पांढरा रंग कुणी स्वतः वापरलाय का? त्याखाली प्रायमर कुठला लावला होता, आणि शेवाळ न घासता कसं काढलंत?