पहिल्यांदा समुद्र बघायला गुहागरच

तुम्ही विचारलंय की सोलापूरहून आईवडिलांना पहिल्यांदा समुद्र दाखवायला न्यायचंय, गर्दी नको आणि गाडीशिवाय पायी फिरता आलं पाहिजे. तुम्हाला इतर दोघांनी गणपतीपुळे सुचवलंय. दर्शनाला उत्तमच, पण सुट्टीत तिथं निवांतपणा मिळत नाही. माझं मत रत्नागिरी जिल्ह्यातलं गुहागर.

सोलापूरहून पंढरपूर, कराड, कुंभार्ली घाट, चिपळूण असं जा. प्रवास दिवसभराचा आहे. म्हाताऱ्या माणसांना घेऊन एका दमात नको, कराडला मुक्काम करा. गाव किनाऱ्याला समांतर, लांबट पसरलंय. एसटी स्टँड, व्याडेश्वराचं देऊळ, बाजार आणि समुद्र सगळं चालत. मंदिराच्या आसपास खोली घेतली की गाडी जागची हलवावी लागत नाही. आम्ही आईला नेलं तेव्हा ती पहाटे एकटीच वाळूवर जाऊन बसायची. आयुष्यभर उजनी धरणाचं पाणीच तिला अथांग वाटलेलं!

तारीख मात्र तिथी बघून ठरवा. तिथीच्या आकड्याला (अष्टमी म्हणजे आठ) पाऊणनं गुणलं की भरतीची अंदाजे वेळ येते. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे संध्याकाळी चालायला वाळू कमी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती बाराच्या सुमारास, म्हणून सकाळ-संध्याकाळ ओहोटी आणि रुंद, घट्ट ओली वाळू. गुडघे दुखणाऱ्यांना कोरड्या भुसभुशीत वाळूपेक्षा तीच सोपी. ओहोटीत पाणी आत ओढतं, तेव्हा घोट्यापुढं जाऊ देऊ नका.

डिसेंबर-जानेवारीत जा. आपल्याला कोरड्या उन्हाची सवय, तिथला मे महिन्यातला घाम सोसत नाही.