मुख्य ग्रंथपाल कोण हवा : ग्रंथालयशास्त्र शिकलेला की बाहेरचा प्रशासक?

पानखूण

आमच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे मुख्य ग्रंथपाल निवृत्त होतायत. मी कार्यकारिणीवर, त्यामुळे नव्या नेमणुकीच्या जाहिरातीचा मसुदा माझ्या गळ्यात पडलाय आणि तो एकाच अटीवर अडलाय. निम्म्या मंडळींना ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि ग्रंथालयातला प्रत्यक्ष अनुभव सक्तीचा हवा. बाकीच्यांना कुठल्याही मोठ्या संस्थेचा कारभार पाहिलेला माणूस चालेल. त्यांचं म्हणणं, वर्गीकरण-तालिकीकरण (पुस्तकं विषयवार लावणं आणि त्यांची सूची करणं) करायला हाताखाली लोक आहेतच. वरच्याला निधी आणता आला पाहिजे, संगणकप्रणाली बदलून घेता आली पाहिजे आणि गळती लागलेली सभासदसंख्या सावरता आली पाहिजे.

माझं मत : अट राहावी. कारण या पदावर जे निर्णय निव्वळ प्रशासकीय वाटतात, ते बहुतेक पुस्तकांचेच असतात. ई-पुस्तकांचं घ्या. ग्रंथालय ती विकत घेत नाही, परवाना घेते. हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये नियम केला की एक ई-प्रत २६ वेळा वाचकाला दिली की परवाना संपला, हवी असेल तर पुन्हा पैसे मोजा. मॅकमिलन या दुसऱ्या प्रकाशकाने २०१९ मध्ये नव्या ई-पुस्तकाची ग्रंथालयाला पहिले आठ आठवडे एकच प्रत द्यायची असं ठरवलं, ग्रंथालयांनी खरेदीवर बहिष्कार टाकला आणि मार्च २०२० मध्ये ते मागे घ्यावं लागलं. अशा करारावर सही करणाऱ्याला व्यवस्थापन येऊन भागत नाही. वर्षभराने अर्धा ई-संग्रह गायब का झाला, हे त्याला वाचकांकडून कळेल.

तुम्हाला काय वाटतं?

तिसरा मजला

अट काढा. पदवी म्हणजे लायकी, हा समज मुळातच कच्चा आहे.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांचं उदाहरण आपल्या सगळ्यांना तोंडपाठ असायला हवं. गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हा ग्रंथालयशास्त्राचा गंध नव्हता. तुमच्या मसुद्याने त्यांचा अर्ज छाननीतच बाद केला असता, म्हणजे १९३१ ची पंचसूत्री (ग्रंथालयाची पाच सूत्रं) नाही आणि १९३३ चं द्विबिंदू वर्गीकरण, म्हणजे पुस्तकं विषयवार लावायची त्यांची पद्धतही नाही. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचे पहिले संचालक जॉन शॉ बिलिंग्ज लष्करातले शल्यचिकित्सक होते. १९३९ मध्ये रूझवेल्टनी कवी आर्चिबाल्ड मॅक्लीश यांना लायब्ररी ऑफ काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाच्या प्रमुखपदी, नेमलं तेव्हा अमेरिकन ग्रंथालय संघटनेने जाहीर विरोध केला होता. मॅक्लीश यांना आत लाखो पुस्तकं सूचीत न चढवता पडलेली सापडली, आणि विभागांची फेररचना त्यांनीच केली. बाहेरचा माणूस धूळ बघतो. आतल्याला ती दिसेनाशी झालेली असते.

देवघेव

मी काउंटरवर बसते, त्यामुळे थोडं लांबेल.

रंगनाथन यांची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. नेमणूक झाल्यावर आठवड्याभरातच ते कंटाळून पुन्हा शिकवायला जायच्या गोष्टी करू लागले होते. मग लंडनला गेले, युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकले, क्रॉयडनच्या ग्रंथालयाचे प्रमुख बर्विक सेयर्स यांच्या हाताखाली सार्वजनिक ग्रंथालय कसं चालतं ते जवळून पाहिलं, आणि मग परत येऊन काम केलं. हुशार माणसालासुद्धा हा विषय शिकावा लागला, हे त्यातून दिसतं.

आता रोजचं सांगते. एक बाई येतात, विचारतात, "कायद्याची पुस्तकं कुठे आहेत?" बोट दाखवून "दुसरी रांग, डावीकडे" म्हणणं सोपं आहे. पण नेमकं काय हवंय असं दोनदा विचारलं की कळतं, घर रिकामं करायची नोटीस आलीय, मुदत परवा संपतेय आणि त्यांना कायद्याचं जाडजूड पुस्तक नकोच आहे. उत्तर द्यायची मुदत कशी मोजतात, मोफत कायदेशीर सल्ला कुठे मिळतो, एवढंच हवंय. आणि ते दुसऱ्या रांगेतलं पुस्तक आठ वर्षांपूर्वीच्या आवृत्तीचं असेल, तर त्याने भलं होण्याऐवजी नुकसानच होईल. संदर्भ सेवा ती हीच. ती आकडेवारीत "१ प्रश्न" म्हणून दिसते, किंवा दिसतच नाही. बाहेरून आलेला साहेब पहिल्या महिन्यात देवघेवीचे आकडे मागवतो आणि संदर्भ कक्षातली एक जागा कमी करतो. हे मी होताना पाहिलंय.

पण पानखूण, तुमच्याशीही मी पूर्ण सहमत नाही. याआधी एका ठिकाणी आमचे साहेब पदव्यांनी भरलेले होते. बालविभागाची कपाटं कुलपात, कारण वार्षिक पडताळणीत पुस्तकं कमी भरली तर जाब द्यावा लागतो. दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद) चोख, वाचक शून्य. त्यांना रंगनाथन यांचं पहिलं सूत्र, "ग्रंथ उपयोगासाठी आहेत", परीक्षेपुरतं पाठ होतं.

हिशेबनीस

सगळे पदवीवर बोलतायत, पगारावर कोणीच नाही. पदव्युत्तर पदवी, दहा वर्षांचा अनुभव, संगणकप्रणालीचं ज्ञान, निधी उभारण्याचं कौशल्य, आणि नेमणूक अकरा महिन्यांच्या करारावर. अशी जाहिरात काढलीत तर चांगला ग्रंथपालही येणार नाही आणि चांगला प्रशासकही.

दुसरं, पैशाला कमी लेखू नका. न्यूयॉर्कचंच उदाहरण. सत्तरच्या दशकात शहर कंगाल झालं तशी ग्रंथालयाचीही रया गेली, शाखांचे तास कापले गेले. १९८१ मध्ये आले वार्तान ग्रेगोरियन, इतिहासाचे प्राध्यापक. १९८९ पर्यंत त्यांनी देणग्या आणल्या, इमारत उजळली, लोकांना ग्रंथालय पुन्हा आपलं वाटायला लागलं. त्या वेळी तिथे वर्गीकरणाचा पंडित बसवला असता तर?

पानखूण

ग्रेगोरियन यांचं मान्य, पण ते तिथे अध्यक्ष होते. संशोधन ग्रंथालयांचा कारभार पाहायला त्यांच्या हाताखाली वेगळे संचालक होते, आणि ते व्यावसायिक ग्रंथपाल होते. आमच्याकडे वरचा आणि खालचा एकच माणूस असणार आहे. त्याला देणगीदाराकडेही जायचंय आणि कुठलं नियतकालिक बंद करायचं हेही ठरवायचंय.

लायब्ररी ऑफ काँग्रेसचाच पुढचा भाग पाहा. इतिहासकार जेम्स बिलिंग्टन १९८७ पासून २०१५ पर्यंत, २८ वर्षं त्या पदावर. विद्वत्तेबद्दल वाद नाही. पण शेवटी सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने संगणक व्यवस्थेच्या ढिसाळपणावर कडक अहवाल दिला. त्यांच्यानंतर २०१६ मध्ये कार्ला हेडन आल्या. शिक्षणाने आणि पेशाने ग्रंथपाल, त्याआधी बाल्टिमोरच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रमुख. एप्रिल २०१५ मध्ये शहरात दंगल उसळली, ग्रंथालयाच्या एका शाखेसमोरच जाळपोळ झाली, तरी दुसऱ्या दिवशी ती शाखा उघडी ठेवली. आसपासची दुकानं बंद असताना लोकांना बसायला, फोन चार्ज करायला, नोकरीचे अर्ज भरायला तीच जागा होती. हा निर्णय कुठल्या व्यवस्थापनाच्या पुस्तकात बसतो?

तिसरा मजला

धाडसी माणूस कुठल्याही पेशातून येतो हो. त्यातून पदवी सिद्ध होत नाही. आणि बिलिंग्टन यांच्या उदाहरणाचा धडा मुदतीबद्दल आहे. त्या पदाला दहा वर्षांची मुदत घालणारा कायदा तिथे ते गेले त्याच वर्षी, २०१५ मध्ये झाला. तुमच्या मसुद्यात मुदत आहे का? की निवृत्तीपर्यंत एकच खुर्ची?

एक तोडगा सुचवतो. अट सैल ठेवा, पण बाहेरचा निवडला तर त्याने दोन वर्षांत ग्रंथालयशास्त्राची पदवी घ्यावी. रंगनाथन यांनी नेमणुकीनंतरच शिक्षण घेतलं, असं देवघेवताईच म्हणतायत.

देवघेव

आणि त्या दोन वर्षांत संग्रहातून बाद करायची पुस्तकं कोण ठरवणार?

तिसरा मजला

तुम्ही! तेच तर म्हणतोय, हाताखालचे लोक कशाला असतात?

देवघेव

सही माझी चालत नाही. हाच तर मुद्दा आहे.

मी असते तर मुलाखतीला बोलावलेल्या प्रत्येकाला एका कपाटासमोर उभं केलं असतं. त्यात हे ठेवायचं : जुन्या अभ्यासक्रमाचं स्पर्धा परीक्षेचं मार्गदर्शक, ज्याच्या तारखेच्या चिठ्ठीवर अजूनही शिक्के पडतायत. पाठीचा कणा निखळलेला एक शब्दकोश. बारा वर्षांत एकदाही बाहेर न गेलेलं परिसराच्या इतिहासाचं पुस्तक, ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही. औषधांचं कालबाह्य पुस्तक, दिसायला नवंकोरं. यातलं काय ठेवाल, काय काढाल, का? जो फक्त "शेवटचं कधी गेलं" ते विचारील, तो इतिहासाचं पुस्तक रद्दीत घालील आणि जुनं मार्गदर्शक जपून ठेवील. जो काहीच काढणार नाही, त्याच्या ग्रंथालयात पाच वर्षांनी नव्या पुस्तकाला फळी उरणार नाही.

हिशेबनीस

कल्पना झकास. पण मग अंदाजपत्रकाचा कागदही समोर ठेवा. पुस्तकखरेदीला तीस टक्के कात्री लागलीय, काय वाचवाल? विलंबशुल्क माफ करा अशी मागणी आहे, कराल का? शिकागोने २०१९ मध्ये आणि न्यूयॉर्कने २०२१ मध्ये ते बंद केलं, कारण दंडाच्या भीतीने गरीब वाचकच कार्ड वापरणं सोडतो. उत्पन्नाची ती खोट कुठून भरून काढणार, हे ज्याला सांगता येईल तो मला चालेल, पदवी असो वा नसो.

पानखूण

दोन्ही चाचण्या मसुद्यात घालतो. मुदतीचाही मुद्दा रास्त, सात वर्षं आणि मग फेरविचार असं मांडून बघतो. पदवीची अट मात्र मी सोडणार नाही, मतदान होऊ दे.

देवघेव

चाचणी घेणार कोण तेही लिहा. निवड समितीत ग्रंथालयाचं कार्ड किती जणांकडे आहे?

पानखूण

पाचांपैकी दोघांकडे. त्यातल्या एकाचं नूतनीकरण राहिलंय.

तिसरा मजला

मग आधी समिती बदला. एक जागा वाचकांना आणि एक काउंटरवरच्या माणसाला द्या. एवढ्यापुरता मी देवघेवताईंच्या बाजूने.