उपनगरातल्या कुटुंबांवरच्या कथा-कादंबऱ्यांत कुणीच सुखी का नसतं?

दुपारची_झोप:
सध्या उपनगरी कुटुंबांवरचं वाचायचा सपाटा लावलाय, रिचर्ड येट्सची 'रिव्होल्यूशनरी रोड' (१९६१) संपवली, मग जॉन चीव्हरच्या कथा घेतल्या आणि आता जाम वैताग आलाय. लिहिलंय भारीच, तक्रार ती नाही. पण जिथे बघावं तिथे तेच, नवरा सकाळच्या ट्रेनने शहरात जाणार, संध्याकाळी येऊन पीत बसणार, बायको घरात घुसमटणार, पोरं आईबापांची भांडणं चोरून ऐकणार आणि बाहेर लॉन मात्र एकदम टापटीप. अरे पण लोक तिकडे हौसेने राहायला गेले ना, कर्ज काढून? त्यातल्या कुणालाच घर आवडलं नाही? की सुखी माणसावर कादंबरी होत नाही म्हणून लेखकांनी त्यांना सोयीस्कर गाळलं? आठवणी, कविता वगैरेंत काही वेगळं असेल तर सुचवा. आणि प्लीज, 'क्लासिक आहे, परत वाच' नको.

वाळवी:
चीव्हर वाचलास ना, मग आता त्याच्या मुलीचं वाच. सुझन चीव्हर, 'होम बिफोर डार्क'. बाप १९८२ ला गेला, हे १९८४ ला आलं. 'द स्विमर' (१९६४) मधला तो माणूस शेजाऱ्यांच्या स्विमिंग पूलमधून पोहत पोहत घरी निघतो आणि पोचतो तर दाराला कुलूप, घर रिकामं. बायको आणि मुली कथेत नुसत्या उल्लेखापुरत्या, सगळं त्याच्याच डोक्यातून चाललेलं. मुलीच्या पुस्तकात घरातली बाकीची माणसं दिसायला लागतात, बापाचं पिणं येतं, लपवलेली प्रकरणं येतात (पुरुषांबरोबरचीसुद्धा) आणि एवढं सगळं सांगूनही बापाबद्दल माया आहे, चांगली भरपूर.
मला विचारशील तर सुखी की दुःखी हे बघूच नको, घरातलं कोण सांगतंय ते बघ. या गाजलेल्या कादंबऱ्या बऱ्याचदा हप्ते भरणाऱ्याच्या बाजूने लिहिलेल्या, आणि आठवणी लिहिल्या त्या घरात वाढलेल्या पोरांनी. हप्तेवाल्याला घर बेडी वाटणारच, त्याला कायम 'आपण दुसरीकडे असतो तर' हे छळत असतं. पोराने घर निवडलेलंच नसतं, त्याचं जगच तेवढं.

चष्मा_कुठाय:
हे सगळं अमेरिकन आणि तेही महायुद्धानंतरचं झालं. त्याच्या कितीतरी आधीची 'द डायरी ऑफ अ नोबडी' घे, ग्रोस्मिथ भावांची, आधी 'पंच' या विनोदी साप्ताहिकात आली मग १८९२ ला पुस्तक. लंडनच्या हॉलोवेत राहणारा कारकून पूटर, घरामागून रेल्वे, दारातल्या बूट खरवडायच्या पट्टीला येणारा-जाणारा अडखळतो, आणि हा लाल रंग आणून दिसेल ते रंगवत सुटतो, बाथटबसुद्धा. मुलगा बापाला काडीची किंमत देत नाही. पण माणूस खूश आहे!! बायकोशी पण जमतं त्याचं. लेखक त्याला हसतात, तो मात्र मजेत.

सोळा_आणे:
डी. जे. वॉल्डी. 'होली लँड', १९९६. हे वाचलं नसेल तर बाकी यादी बाजूला ठेव.
लॉस एंजेलिसजवळचं लेकवुड, १९५० पासून तीनेक वर्षांत शेतजमिनीवर साडेसतरा हजार घरं उठवली, ५० बाय १०० फुटांचे प्लॉट, सगळी घरं बहिणी-बहिणी. वॉल्डी आईवडलांच्या त्याच घरात पुढेही राहत राहिला आणि नोकरी पण लेकवुडच्याच नगरपालिकेत. पुस्तकात ३१६ तुकडे आहेत, काही पानभर, काही एका वाक्याचे. एका तुकड्यात भिंतीला आत काय असतं, जाळी, प्लास्टर, आणि लगेच पुढे वडलांचा मृत्यू, त्याच घरातला, आणि दोन्ही सांगायचा आवाज एकच. आधी वाटतं हा माणूस कोरडा आहे, मग कळतं की मोजमापं देणं हीच त्याची प्रेम करायची पद्धत आहे. रडारड शून्य. आणि घराला तो तुरुंगही म्हणत नाही, स्वर्गही नाही.

कडू_कारलं:
@वाळवी थियरी छान, पण ज्यांना आत येऊच दिलं नाही त्यांचं काय? लेव्हिटटाउन, म्हणजे महायुद्धानंतर अमेरिकेत एकसारख्या घरांची घाऊक बांधलेली उपनगरं, त्यांच्या सुरुवातीच्या करारात सरळ कलम होतं, गोऱ्यांशिवाय कुणी राहायचं नाही. १९५७ मधे पेनसिल्व्हेनियातल्या लेव्हिटटाउनमधे बिल आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय जोडपं लहान मुलांना घेऊन राहायला आलं तर बाहेर जमाव, दगडफेक, राज्याचे पोलीस बोलवावे लागले. डेझीच्या आठवणींचं पुस्तक आहे, 'स्टिक्स अँड स्टोन्स', २००५ चं. आता ही बाई काय दुसरीकडे जायची स्वप्नं बघत होती का? तिला तिथेच राहायचं होतं, साधं घर, मुलांना खेळायला जागा, बस. म्हणजे हप्ते भरणाऱ्या सगळ्यांनाच बेडी वाटत नाही. कंटाळा यायला सुद्धा आधी कुणी तुम्हाला निवांत राहू द्यावं लागतं.

दुपारची_झोप:
बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं. मायर्सबाईंचं शोधतेच. पण कविता?? कुणीच बोलेना.

वाळवी:
@कडू_कारलं मान्य, ते पुस्तक माझ्या खाचेत बसत नाही आणि म्हणूनच वाचायला पाहिजे.
कवितेत अ‍ॅन सेक्स्टन. 'हाउसवाइफ' म्हणून जेमतेम दहा ओळींची कविता आहे, १९६२ च्या संग्रहातली, त्यात बाईचं लग्न घराशीच लागलेलं असतं आणि घराला काळीज, तोंड, यकृत सगळं आहे. येट्सला जे सांगायला अख्खी कादंबरी लागली ते इथे एका श्वासात. सेक्स्टन स्वतः बॉस्टनच्या उपनगरात दोन मुली वाढवत लिहायची. आणि तिच्याही मुलीने आठवणी लिहिल्यात, लिंडा ग्रे सेक्स्टन, १९९४. त्या वाचायला जड आहेत, रात्री झोपताना घेऊ नको.

चष्मा_कुठाय:
इंग्रज कवी बेटजेमन राहिला की! १९३७ मधे स्लाऊ गावावर बॉम्ब पडू दे म्हणून कविता केली, आणि १९७३ ला त्याच माणसाने बीबीसीवर लंडनच्या रेल्वेकाठच्या उपनगरांवर 'मेट्रो-लँड' नावाची अख्खी लाडाची फिल्म केली. २००६ मधे त्याच्या मुलीने स्लाऊला जाऊन बापाच्या वतीने माफी मागितली. चीव्हर, सेक्स्टन, हा, आईबापांचं निस्तरायला सगळीकडे मुलीच 😄

सोळा_आणे:
मुलगा पण आहे एक. हनीफ कुरेशी, लंडनजवळच्या ब्रॉमलीत वाढलेला. 'द बुद्धा ऑफ सबर्बिया' (१९९०) मधला बाप भारतातून आलेला सरकारी कारकून, शेजारच्या इंग्रजांना योगा आणि ध्यान शिकवतो, मग बायकोला सोडून जातो, धमाल आहे. नंतर कुरेशीला स्वतःच्या वडलांच्या एका न छापलेल्या कादंबरीचं हस्तलिखित मिळालं आणि त्यावरून त्याने २००४ ला 'माय इअर अ‍ॅट हिज हार्ट' लिहिलं. वडील आयुष्यभर नोकरी सांभाळून घरी कादंबऱ्या लिहीत राहिले, एकही छापली गेली नाही, लेखक झाला तो मुलगा. दोन्ही वाच पण आधी कादंबरी, उलट केलंस तर त्या बापावर हसताना जीभ चावशील.

दुपारची_झोप:
ठरलं मग, आधी कुरेशीची जोडी, मग वॉल्डी. सेक्स्टनच्या दहा ओळी आत्ताच वाचल्या. येट्सवर एवढे दिवस घालवल्याचा थोडा राग आला.