मॅन्युअल बीपी: माझं रीडिंग सिस्टरांपेक्षा ३० ने कमी का येतं?

नेरुळ_सेम२
बीएस्सी नर्सिंग, दुसरं सेमिस्टर. सध्या ठाण्यात मेडिसिन वॉर्डला पोस्टिंग आहे. डायलच्या मशीनवर बीपी घेते. ६८ वर्षांच्या एका आजींचं चार्टवर १६४/९० होतं, मला १३२/८८ मिळालं. सिस्टरांनी लगेच घेतलं तर पुन्हा १६२. तरुण पेशंटमध्ये असा फरक पडत नाही. कफ नीट बांधते, १५० पर्यंत फुगवते आणि हळूहळू सोडते. पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकल आहे. चुकतंय कुठे?

वॉर्ड_इन्चार्ज_ठाणे
उत्तर तुझ्याच पोस्टमध्ये आहे: १५०.

आजींचे आवाज १६४ ला सुरू होतात, १५० च्या आसपास गप्प होतात आणि १३२ ला परत येतात. या मधल्या शांततेला ऑस्कल्टेटरी गॅप म्हणतात. वय झालेल्या, रक्तवाहिन्या कडक झालेल्या, बीपी असलेल्या पेशंटमध्ये ती जास्त सापडते. तू थेट त्या शांततेत उतरलीस आणि परत आलेला आवाज पहिला समजलीस. तरुणांमध्ये फरक का पडत नाही, तेही यातच आलं.

म्हणून आधी बोटं, मग स्टेथो. मनगटाची नाडी धरून फुगव. नाडी हाताला लागेनाशी झाली तो आकडा लक्षात ठेव, समजा १६०. सगळी हवा सोड, मिनिटभर थांब. आता ब्रेकियल नाडीवर, म्हणजे कोपराच्या घडीत लागणाऱ्या नाडीवर, स्टेथो ठेवून १९० पर्यंत ने, म्हणजे ३० वर. गॅप असला तरी नाडी बोटांना लागत राहते, त्यामुळे फसगत होत नाही. सोडताना सेकंदाला २ ते ३ मिमी. भसकन सोडलंस तर वरचा आकडा कमी आणि खालचा जास्त येतो.

लागोपाठचे दोन ठोके ऐकू आले की पहिल्याचा आकडा सिस्टोलिक, म्हणजे वरचा. आवाज पूर्ण थांबला की डायस्टोलिक, म्हणजे खालचा. काहींमध्ये, विशेषतः गरोदर बाईमध्ये, आवाज शून्यापर्यंत येत राहतो. तिथे आवाज दबल्याचा आकडा धरायचा आणि तसं लिहायचं.

वाशी_ट्यूटर
वरचं बरोबर, पण कफकडेही बघ. आतल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या ४० टक्के आणि लांबी ८० टक्के हवी. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध टेप लाव. २७ ते ३४ सेंमी असेल तर नेहमीचा कफ, ३५ ते ४४ ला मोठा. जाड दंडाला लहान कफ बांधला की बीपी उगाच जास्त दिसतं आणि वॉर्डात नेमका मोठाच कफ कुणीतरी नेलेला असतो. कफची खालची कड कोपराच्या घडीच्या २ ते ३ सेंमी वर, बाहीवरून नाही. सुरुवातीलाच डायलचा काटा शून्यावर आहे का बघ. नसेल तर मशीन बदल, मनातल्या मनात वजाबाकी करत बसू नकोस.

ओपीडीतला पेशंट कळव्याहून गर्दीच्या लोकलने, स्टेशनचा पूल चढून आलेला असतो. ५ मिनिटं बसव. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नको, दंड हृदयाच्या पातळीला आधार देऊन. चहा झाला असेल तर अर्धा तास जाऊ दे. आणि काका बोलायला लागले तर हसून थांबव, बोलतानाही आकडा चढतो.

नेरुळ_सेम२
कळलं. मग आवाजच फार बारीक येत असेल तर?

वॉर्ड_इन्चार्ज_ठाणे
आधी स्टेथोची कानातली टोकं पुढे, नाकाच्या दिशेने आहेत का बघ. निम्म्या वेळा दोष तिथेच असतो. मग हवा पूर्ण काढून, हात अर्धा मिनिट डोक्यावर धरायला सांग, वरच असताना फुगव, खाली आणून ऐक. अर्धवट हवा सोडून मध्येच पुन्हा फुगवू नकोस, हातात रक्त साचून आवाज आणखी दबतो.

वाशी_ट्यूटर
प्रॅक्टिकलला पोटाची तपासणी आली तर नेहमीचा क्रम बदलतो: बघणं, ऐकणं, ठोकून पाहणं, शेवटी चाचपणं. आधी दाबलंस तर आतड्यांचे आवाज बदलतात. ऐकायला उजवीकडून खालून सुरुवात कर. आवाज नाहीत असं लिहिण्याआधी पूर्ण ५ मिनिटं ऐक.

आणि श्वास पूर्ण मिनिट मोज, नाडी धरल्याचं दाखवत, म्हणजे पेशंटचं तिकडे लक्ष जात नाही. चार्टवर ओळीने सगळ्यांना २० दिसले की परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतात.