वेळ त्यांचीच राहू द्या

विषय: ६ फेब्रुवारीचा विद्यार्थी कलामहोत्सव
प्रेषक: सांस्कृतिक समिती
२० जानेवारी २०२१

नमस्कार मंडळी,

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या कॉलेजांतली मुलं यंदा आपला कलामहोत्सव ऑनलाइन घेताहेत. प्रवेशिका, वेळापत्रक, सूत्रसंचालन, लिंका पाठवणं, सगळं तीच बघताहेत. आपल्या ब्रह्मपुरीच्या काकूंमुळे इथल्या, परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाला आमंत्रण आलंय.

कार्यक्रम तिकडच्या शनिवारी सकाळी ११ ते दुपारी २. आपल्याकडे शुक्रवारची रात्र उलटून साडेबारा ते साडेतीन. एवढं जागरण फार जणांना जमणार नाही. म्हणून मुलांना विनंती करावी असं समितीला वाटतं, की कार्यक्रम आपल्या शनिवारी रात्री ८ वाजता ठेवा. तिकडे रविवारचे सकाळचे साडेसहा वाजलेले असतील. शिवाय कार्यक्रम दीड तासात आटोपला आणि एकांकिकेची भाषा थोडी प्रमाण ठेवली तर इथल्या मुलांनाही समजेल.

रविवारपर्यंत मतं कळवा.

*

विषय: उत्तर: ६ फेब्रुवारीचा विद्यार्थी कलामहोत्सव
प्रेषक: ब्रह्मपुरीच्या काकू
२१ जानेवारी २०२१

नमस्कार,

ताई, तुम्ही आमंत्रण मनावर घेतलंत याचा खूप आनंद झाला. पण वेळ बदलायला सांगू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

माझी भाची या महोत्सवात आहे. कॉलेज मार्चपासून बंद, वसतिगृह रिकामं, त्यामुळे ती गावी आहे. घरात रेंज नाही. रेंज येते ती वावरात, धानाच्या पुंजण्यापाशी, म्हणजे कापून रचलेल्या धानाच्या ढिगापाशी. परवा तिने मला तिथूनच व्हिडिओ कॉल केला होता. पुंजण्यात बांबू खोचलेला, बांबूला फोन दुपट्ट्याने बांधलेला आणि समोर उभी राहून ती संवाद म्हणत होती. वारा आला की फोन फिरायचा, मग ती संवाद न थांबवता पुढे येऊन तो सरळ करायची आणि परत जागेवर जाऊन उभी राहायची. तीन वेळा असं झालं, एकदाही वाक्य तुटलं नाही.

आता साडेसहाला कार्यक्रम म्हणजे तिला साडेपाचला अंधारात घरून निघावं लागेल. ब्रह्मपुरी वनविभागात वाघ किती आहेत ते तिकडच्या माणसांना सांगायला नको. आमच्याकडे बाया सरपणाला नाहीतर मोहफुलं वेचायलासुद्धा एकट्या जात नाहीत. मी वेळेचं नुसतं विचारून पाहिलं, तर म्हणाली, "आत्या, तेवढ्या सकारी वावरात कोन जाऊ देते मले?" सकाळी अकराची वेळ मुलांनी उगाच धरलेली नाही. ऊन वर आलेलं असतं, वावरात माणसं असतात, फोन घरून चार्ज करून नेता येतो.

भाषेबद्दल. ही झाडीबोली आहे. तिच्यात ण नाही, ळ नाही. पाणी ते 'पानी', डोळा तो 'डोरा'. वडशाच्या नाटक कंपन्या हिवाळाभर गावोगावी रात्रभर नाटकं करतात, पटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) आणि मंडईच्या (जत्रेच्या) दिवसांत माणसं बैलबंडीने, ट्रॅक्टरने येऊन पहाटेपर्यंत बसतात. त्या मातीत वाढलेल्या मुलांनी आपल्या बोलीत एकांकिका लिहिली. यंदा कोरोनामुळे त्या कंपन्यांच्या हंगामालाही मोठा फटका बसलाय. अशा साली या मुलांना आपण 'जरा प्रमाण बोला' म्हणायचं, हे मला सहन होत नाही. इथल्या मुलांना कळत नसेल तर मी शेजारी बसून सांगेन, हव्या तितक्या घरी फोनवर सांगेन.

आमच्या वेळी नागपूर विद्यापीठाच्या महोत्सवाला निवड झाली तर एसटीने नागपूर गाठायचं, तिथे नातेवाईक असला तर उतरायचं, नाहीतर घरचे पाठवतच नसत. गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये झालं तेव्हा अंतर थोडं कमी झालं. मला दोनदा घरीच राहावं लागलं होतं. भाचीला पहिल्यांदाच गाव न सोडता रंगमंच मिळतोय. तो तिच्या वेळेला मिळू द्या.

मी त्या रात्री जागणार आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी माझ्याबरोबर जागा.

*

विषय: उत्तर: उत्तर: ६ फेब्रुवारीचा विद्यार्थी कलामहोत्सव
प्रेषक: तबलावाले दादा
२१ जानेवारी २०२१

काकू, मी जागतो.

आवाजाबद्दल थोडं, कारण गेले दहा महिने मी झूमवर तबला शिकवतोय. खडी गंमत, म्हणजे तिकडचं ढोलकीवरचं लोकनाट्य, आहे असं वेळापत्रकात दिसलं. ढोलकीचा ठोका झूमला गोंगाट वाटतो आणि तो गाळून टाकतो. गाणाऱ्याचा आवाज येतो आणि ढोलकी मधेच गडप होते. तुणतुण्याचंही तेच. 'ओरिजिनल साउंड' नावाची सोय सुरू केली की ही गाळणी बंद होते. मुलांशी एकदा बोलू शकलो तर फोनवर दाखवून देतो, दहा मिनिटांचं काम आहे.

आणि शाहीर एका गावात, ढोलकीवाला दुसऱ्या गावात असं करू देऊ नका. आवाज पोहोचायला लागणारा क्षणभराचा उशीर लयीला पुरेसा असतो. दोघं एकमेकांची वाट बघत बघत गाणं संथ होत जातं. एका गावातले तिघं-चौघं एका अंगणात, अंतर राखून, एकाच फोनपुढे बसले तर उत्तम.

*

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: ६ फेब्रुवारीचा विद्यार्थी कलामहोत्सव
प्रेषक: सांस्कृतिक समिती
२४ जानेवारी २०२१

काकू, तुमचं पत्र समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचलं. वाघाचं आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, मला वाईट वाटलं. वेळ, लांबी, भाषा, सगळं मुलांनी ठरवलं तसंच राहील. ज्यांना रात्री जमणार नाही त्यांच्यासाठी शनिवारी संध्याकाळी ध्वनिचित्रफीत पूर्ण लावू, काटछाट न करता. बोलीतले शब्द तुम्ही समजावून सांगालच.

दादांचा नंबर आयोजक मुलांना देतोय. मुलांकडे दिवसाचा दीड जीबीचा पॅक असतो आणि सरावातच तो संपतो असं त्यांच्याकडून कळलं. त्या आठवड्याचा जादा डेटा मंडळाच्या शिलकीतून भरायचं ठरलंय. मुलांना आणखी काय हवंय?

*

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: ६ फेब्रुवारीचा विद्यार्थी कलामहोत्सव
प्रेषक: ब्रह्मपुरीच्या काकू
२५ जानेवारी २०२१

मनापासून आभार. दादा, खडी गंमतवाली चारही मुलं एकाच गावची निघाली, रविवारी तुमची वाट बघतील. रेला हे आदिवासी नृत्य मात्र मुलांनी यंदा वगळलं. हातात हात गुंफल्याशिवाय रेला होत नाही आणि यंदा हात धरायचे नाहीत. त्याऐवजी दोन मुली नुसतं रेल्याचं गाणं म्हणणार आहेत.

भाचीला विचारलं, काय हवंय. तिने पैशाचं, डेटाचं काहीच सांगितलं नाही. म्हणाली, सरावात सगळ्यांचे माइक बंद असतात, प्रवेश संपला की काहीच ऐकू येत नाही, फोन बंद पडला की काय असं वाटतं. तेव्हा प्रत्येक सादरीकरण संपलं की सूत्रसंचालक पाच सेकंद थांबणार आहे. तेवढ्यात सगळ्यांनी आपापला माइक उघडून टाळ्या वाजवायच्या. मागेपुढे वाजल्या तरी चालतील. पहिली टाळी मी वाजवते, कारण पहिला प्रवेश तिचाच आहे, ११ वाजून १० मिनिटांनी.