जीपीएस असताना बेअरिंग कशाला?

वर एका दादांनी विचारलंय की भाचा जहाजावर डेक कॅडेट (शिकाऊ अधिकारी) म्हणून चाललाय, पण आता जीपीएस, रडार, इलेक्ट्रॉनिक चार्ट सगळं आहे तर जुनं सीमनशिप (जहाज हाताळायचं कसब) कशाला शिकायचं. मी पण नाशिकचाच, सध्या सुट्टीवर आहे म्हणून सविस्तर लिहितो.

रडार दाखवतं हो, पण टक्करीचा धोका आहे का ते ठरवायचं वॉचवरच्या (पाळीवरच्या) ऑफिसरलाच. समोरच्या जहाजाचं कंपासने बेअरिंग (ते कुठल्या दिशेला दिसतंय तो कोन) घ्यायचं, थोड्या थोड्या वेळाने परत घ्यायचं, अंतर कमी होतंय आणि बेअरिंग हलत नाहीये म्हणजे टक्कर होणार असंच धरायचं. द्वारका चौकात आडवा येणारा ट्रक काचेच्या एकाच कोपऱ्यात चिकटल्यासारखा दिसतो आणि नुसता मोठा होत जातो ना, तसंच. १९७२ च्या कोलरेग्समधला (समुद्रात टक्कर टाळायचे आंतरराष्ट्रीय नियम) नियम ७ हाच, फक्त खूप मोठं जहाज किंवा टो (दुसऱ्याला ओढत नेणारं जहाज) असेल तर बेअरिंग बदलत असलं तरी धोका असतो, हे बरेच जण विसरतात.

आणि मुरिंग, म्हणजे जहाज धक्क्याला दोरांनी बांधणं! कॅडेट असताना माझ्यासमोर स्प्रिंग लाइन (जहाज पुढे-मागे सरकू नये म्हणून बांधलेला दोर) तुटली, बार उडाल्यासारखा आवाज, आणि मिनिटभरापूर्वी मी जिथे उभा होतो तिथल्या रेलिंगचा रंगच खरवडला गेला. बोसनने (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) कॉलर धरून मागे ओढलं होतं, तेव्हा राग आला होता त्याचा. काही जहाजांवर तुटलेला दोर जिथे फटका मारेल तिथे डेकवर पिवळे पट्टे मारलेले असतात, पण दोर फेअरलीडवरून (दोराला दिशा देणारा डेकवरचा भाग) वळलेला असेल तर झटका कुठे येईल नेम नाही, त्यामुळे ताण आला की अख्खा मुरिंग डेकच धोक्याचा समजायचा. भाच्याला सांगा, बोसनशी गोड राहा, निम्मं तोच शिकवतो.